पडद्याला वन्समोअर

नानामामांना सिनेमाला नेणं तसं अवघड नाही. रिक्षा करायची, गुडघा सांभाळत खुर्चीत बसवायचं, जाहिराती संपेपर्यंत झोपू द्यायचं. पण २०१५च्या दिवाळीत आलेला सिनेमा होता ‘कट्यार काळजात घुसली’. आणि मूळ नाटक मामांनी १९६७ साली नवंकोरं असताना पाहिलेलं, खुद्द वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत असताना. किती वेळा पाहिलं, तो आकडा दर गणपतीत वाढतो.

निघताना मामांनी कानात हिन्याचा फाया घातला. संगीत नाटकाला असंच जायचं असतं म्हणे. “मामा, सिनेमा आहे.” “पदं तीच ना? मग झालं!” रिक्षावाला सिग्नलला सलग तीनदा शिंकला.

दारात पिशवी तपासली. आत कागदात गुंडाळलेले सहा बटाटेवडे. “बाहेरचं खाणं चालत नाही, काका.” मामांना हे कळेचना. मध्यंतरात वडा नसेल तर लोक दुसऱ्या अंकाला परत येतात कशाला? शेवटी तिथंच उभं राहून त्यांनी दोन खाल्ले, दोन मला खायला लावले आणि उरलेले रखवालदाराच्या हातावर ठेवले. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून चक्क हिरवी मिरची काढली.

आत अंधार झाला. ‘सूर निरागस हो’ सुरू झाल्यावर मामांनी ती नांदी म्हणून मंजूर केली. मग खुर्चीतून अर्धवट उठून पडद्याच्या पायथ्याशी टेहळणी सुरू. “ऑर्गनवाला कुठे बसवलाय?”

पहिली तान सुटली आणि मामा ताठ झाले. “हा गळा घरचा आहे!” ओळख बिनचूक होती. आवाज राहुल देशपांडेंचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. “मग तोंड कुणाचं?” सचिन पिळगावकरांचं. “आणि हा सदाशिव?” तो सुबोध भावे, दिग्दर्शकही तेच, पण गळा महेश काळ्यांचा. “पंडितजी?” ते शंकर महादेवन, स्वतःच गातात, शिवाय नवी गाणी त्यांच्याच त्रिकुटाने केलीत. मामांनी बोटांवर हिशोब मांडला. “म्हणजे दोन बिऱ्हाडं भाड्याची आणि एक घरमालक.”

भाव्यांनी आधी हेच नाटक नव्याने रंगमंचावर आणलं होतं, तेव्हा हेच राहुल आणि महेश उभं राहून गायचे, हे मी कुजबुजत सांगितलं. मामा थोडे निवळले. पण मूळ तक्रार कायम. “गाताना मानेची शीर दिसली पाहिजे रे. दम लागला पाहिजे. घाम पुसून पुढचं वाक्य बोलला पाहिजे.”

यात तथ्य आहे, हे मी त्यांच्यासमोर कबूल करणार नाही. नाटकात पद रंगलं की कथानक विंगेत बसून तंबाखू मळत असतं, त्याला कुणी हाक मारेपर्यंत. सिनेमाच्या कथानकाला मात्र शेवटची लोकल पकडायची असते. तान समेवर येण्याआधी कॅमेरा दरबार, दिवे आणि आभाळ बघून परत आलेला असतो. जुन्या पदांना जितेंद्र अभिषेकींच्या चाली आहेत म्हणून निभावतं; त्या धावपळीतही पकडतात.

‘सुरत पिया की’ संपलं आणि आमच्या रांगेतून आरोळी उठली, “वन्समोअर!”

पुढच्या जोडप्याचं पॉपकॉर्न सांडलं. पडदा पुढच्या प्रसंगावर गेला.

“ऐकू नाही गेलं वाटतं,” म्हणत मामांनी तोच सूर वरच्या सप्तकात लावला. मी पॉपकॉर्न वेचण्याच्या निमित्ताने खुर्चीखाली गेलो. बॅटरी घेऊन एक पोरगा आला.

“काका, शांत बसा. कंप्लेंट आलीये.”

“अरे, दाद आहे ती! वन्समोअर कुणाकडे मागायचा इथं?”

पोरगा गडबडला. “पिक्चर मागून येतो काका. मशीन आहे तिथं.”

मामा गुडघ्यासकट वळले. मागच्या भिंतीतल्या त्या उजळलेल्या चौकोनाला त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “मालक, एकदाच. ताना गाळल्या तरी चालेल.”

अख्खं थिएटर हसलं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मशीन ढिम्म. पोरालाच दया आली. मामांच्या कानाशी वाकून तो म्हणाला, “उद्या पावणेअकराला शो आहे, काका. सगळं परत लागतं. पहिल्यापासून.”

मामा माझ्याकडे वळले. “बघ. वन्समोअर देतात. फक्त तिकीट परत काढावं लागतं.”

रात्रभर हिन्याचा वास नाकातून गेला नाही. सकाळी साडेदहाला आम्ही पुन्हा दारात. पिशवी उघडायच्या आधीच रखवालदाराने विचारलं,

“काका, आज चटणी आणलीय का?”