सोड की ओढ?

दोघांनीच शिडाच्या होडीतून बेटं हिंडायची म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मावळता सूर्य येतो. माझ्या डोळ्यांपुढे साखळी येते. आठ मिलिमीटर जाडीची, मीटरला जवळपास दीड किलो भरणारी, आणि तिच्या टोकाला पंधरा किलोचा नांगर. सूर्य मावळतो तेव्हा आमची पाठ त्याच्याकडे असते आणि तोंडं एकमेकांकडे, तीही उघडी.

होडी दहा मीटरची. एकजण मागे सुकाणूवर, दुसरा पार पुढच्या टोकाला नांगरापाशी. सुकाणूवाल्याच्या पायाखाली इंजिन धडधडतंय, त्यामुळे त्याला पुढचं ऐकू येत नाही. वारा समोरून, त्यामुळे त्याचं बोलणं पुढे पोचत नाही. त्यात मराठीनेही घात केलाय. साखळी खाली द्यायची तर ‘सोड’, वर घ्यायची तर ‘ओढ’. सगळा संसार एका ‘स’वर! ‘थांब’ म्हणावं तर ‘लांब’ ऐकू येतं. अहो-जाहोवाल्यांचीही सुटका नाही. त्यांचं ‘सोडा’ आणि ‘ओढा’.

म्हणून खुणा आधी ठरवाव्यात, होडी बांधलेली आणि डोकी थंड असताना. मिटलेली मूठ म्हणजे थांब. तळहात खाली म्हणजे साखळी सोडतोय. साखळी जिकडे ताणली असेल तिकडे सरळ हात. कपाळावर मारलेला हात ही खूण नव्हे, पण अर्थ पोचतो.

बहुतेक होड्यांवर नवरा सुकाणूवर आणि बायको साखळीवर दिसते. विंडलास, म्हणजे साखळी वर ओढायचा रहाट, हाताने फिरवायचा असेल तर हे साफ उलटं आहे. सुकाणूला डोकं लागतं, साखळीला पाठ. पण अदलाबदल सुचवून पाहा, मग वारा कुठून आला ते कळतं.

आता साखळी किती सोडायची याचं गणित. यंत्र चार मीटर खोली दाखवतंय. ती पाण्याच्या पृष्ठभागापासून की होडीच्या तळापासून, हे आधी माहीत हवं. ते विसरणारे नेहमी उथळ पाण्यातच विसरतात. चार मीटर पाणी, होडीचं पुढचं टोक पाण्यावर एक मीटर, भरतीला अजून दोन मीटर चढणार. झाले सात. सगळी साखळीच असेल तर पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर. थोडी साखळी आणि बाकी दोर असेल तर सातपट. भरती धरायला विसरलात तर संध्याकाळी सोडलेली पाचपट पंचवीस मीटर मध्यरात्री जेमतेम साडेतीनपट उरते. नांगर वजनाने धरत नाही, रुतून धरतो. त्यासाठी ओढ आडवी हवी. साखळी अपुरी पडली की नांगराचा दांडा वर उचलला जातो, आणि तो मुळा उपटावा तसा निघतो.

टाकण्याची रीत साधी आहे, म्हणून बिघडते. तोंड वाऱ्याकडे करून होडी पूर्ण थांबवायची. ती आपणहून मागे सरकू लागली की नांगर तळाला टेकवायचा आणि सरकेल तशी साखळी द्यायची. ‘एकदाचं होऊ दे’ म्हणून सगळी धडाधड सोडली तर तिचा ढीग नांगरावरच बसतो, फाळाला वेढा पडतो. सगळी देऊन झाली की इंजिन उलटं, आधी हळू, मग अर्ध्या वेगापर्यंत. त्या वेळी ताणलेल्या साखळीवर तळपाय टेकवावा. नांगर घसरत असेल तर दगडांवरून बैलगाडी जावी तशी थरथर पायाला लागते. रुतला की साखळी ताठ आणि मुकी होते. बाजूला किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा एक खडक एका रेषेत धरावा. रेषा मोडली की नांगर वर घ्यायचा, गवत झटकायचं आणि पहिल्यापासून सुरू. वाळू आणि चिखल धरतात, दाट समुद्री गवत फसवतं.

मग बारा मिलिमीटरचा नायलॉनचा दोर साखळीला अडकवून ताण त्याच्यावर द्यायचा. नायलॉन ताणतो, धक्के पचवतो, विंडलास वाचतो. आणि साखळीची ती करकर थेट उशीत येत नाही.

आता जरा टेकावं, तर दुसरी होडी येते आणि अख्खा उपसागर सोडून आपल्याच पुढ्यात नांगर टाकते. तिला दोर, आपल्याला साखळी. मंद वाऱ्यात साखळीवाली होडी जागेवर पेंगते, दोरावरची हिंडत राहते.

रात्री गजर लावायचा, होडी ठरल्या घेराबाहेर सरकली की वाजणारा. तो नांगर पडला त्या जागेभोवती लावावा, आत्ता होडी उभी आहे तिथे नव्हे. नाहीतर भरती फिरून होडी वळली की तीन वाजता दोघंही अंधारात उभी. वारा दहा नॉटचा वीस झाला तर होडीवरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. हे माहीत असलेला जागा राहतो, दुसरा घोरतो.

सकाळी साखळी वर येते, एरवीपेक्षा जड. नांगरावर शेजाऱ्याची साखळी आडवी लटकलेली. घाबरू नये. तिच्याखालून एक दोर घालून त्याची दोन्ही टोकं डेकवर बांधावीत, आपला नांगर हातभर खाली सोडून मोकळा करावा, मग दोराचं एक टोक सोडून द्यावं. एव्हाना शेजारचं जोडपं झोपेच्या कपड्यांत डेकवर आलेलं असतं. ती पुढे, तो मागे. तो ओरडून काहीतरी सांगतोय, आणि ती कानामागे हात धरून विचारतेय, ‘काय?’