नुसता पत्ता देऊन भागत नाही

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गर्भनिरोधन किंवा लैंगिक आरोग्यासाठी मदत मागणाऱ्या मुलीला दवाखान्याचा पत्ता, फोन नंबर दिला की समाजसेविकेचं काम संपलं, मुलीसोबत जाणं म्हणजे तिला परावलंबी करणं, आणि गुप्ततेची हमी म्हणजे घरच्यांशी लपवाछपवी. शेवटचा मुद्दा निम्मा बरोबर आहे, म्हणून आधी तोच घेते.

‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊच नये. मुलीनं तोंड उघडण्याआधीच सांगायचं, "तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, कुणी जबरदस्ती केली असेल, तर मला कळवावं लागेल. कुणाला कळवणार, ते आधी तुला सांगेन." हेच सगळं ऐकून घेतल्यावर सांगितलं तर तिला फसवल्यासारखं वाटतं आणि ती पुन्हा फिरकत नाही. काय कळवणं कायद्यानं सक्तीचं आहे, हे त्यासाठी स्वतःला नेमकं ठाऊक हवं.

पत्त्याचं मात्र पटत नाही. मुली गळतात त्या पत्ता मिळाल्यावर आणि दार गाठण्याआधी. फोन तिच्यासमोर, स्पीकरवर लावावा. कागदपत्रं कोणती लागतात? नाव सगळ्यांदेखत पुकारतात का? स्त्री डॉक्टर कधी असतात? आणि हमखास राहून जाणारा प्रश्न: रिपोर्टचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर जातो? नोंदणीत आईचा नंबर असेल तर बाकी सगळी काळजी घेऊनही गुप्तता त्या एका मेसेजनं संपते.

भीतीचंही तसंच. गोळ्या मागितल्या तर ‘आतून तपासतील’ या धास्तीनं कितीतरी जणी जातच नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायला आतून तपासणी लागत नाही. रक्तदाब मोजावा आणि अर्धशिशी, चालू औषधं विचारावीत. एवढं आधी सांगितलं तरी पाऊल उचलतं.

शिवाय काही वेळा घड्याळ थांबत नाही. असुरक्षित संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. त्याच कामाची दुसरी गोळी युलिप्रिस्टल १२० तासांपर्यंत घेता येते, तांबी पाच दिवसांपर्यंत बसवता येते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल घेतल्यावर दोन तासांत किंवा युलिप्रिस्टल घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते. क्षयाचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सचं कार्बामाझेपिन चालू असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलचा परिणाम कमी होतो. डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर गरोदरपणाची चाचणी. अत्याचार झाला असेल तर एचआयव्ही टाळण्याची औषधंही ७२ तासांच्या आत सुरू होऊन २८ दिवस चालतात. अशा वेळी ‘सोमवारी जाऊन ये’ म्हणणं म्हणजे तिची संधी घालवणं.

आता परावलंबनाचं. सोबत जाणं म्हणजे खोलीत ठाण मांडणं नव्हे. आत यायचं की बाहेर थांबायचं, हे मुलीला एकटीला विचारावं. आईसमोर विचारलं तर उत्तर आईचंच मिळतं. आदल्या दिवशी एक वाक्य तिच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्यावं: "मला डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय." पहिल्या खेपेला नोंदणीच्या खिडकीपर्यंत जावं, दुसऱ्या खेपेला दारापर्यंत, आणि तिसऱ्या वेळी फोन तिनं लावावा, आपण शेजारी नुसतं बसावं.