शोध नंतर लावा, आधी दावा लिहा

आजवर तुमच्या हातून एकही शोध लागलेला नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. पेटंटच्या कामात शोध ही सगळ्यात किरकोळ बाब आहे. जॉन बार्बर या इंग्रज गृहस्थांनी गॅस टर्बाइनचं, म्हणजे गरम वायूच्या झोतानं पाती फिरवणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं १७९१ साली. गॅस टर्बाइनची गंमत अशी की तिनं कमावलेली बरीचशी शक्ती हवा दाबून आत पाठवणारा तिचाच कॉम्प्रेसर खाऊन टाकतो. त्याचं पोट भरून वर चार शक्ती उरवणारी टर्बाइन चालली १९०३ मध्ये, नॉर्वेत, एगिडियस एलिंग यांच्याकडे. मधल्या शंभरावर वर्षांत बार्बरांच्या पेटंटचं काही अडलं नाही. कागदावरची टर्बाइन तापत नाही, थरथरत नाही आणि तिला तेलही लागत नाही.

तर आधी क्षेत्र निवडा. टर्बाइन घ्यावी की खाद्यघटक, असा पेच पडला तर गुस्ताफ द लाव्हाल यांचं स्मरण करा. या स्वीडिश इंजिनिअरनं १८७८ मध्ये दूध गरागरा फिरवून साय वेगळी काढणारं यंत्र केलं. मग ते यंत्र फिरवायला जोरदार काहीतरी हवं म्हणून वाफेच्या टर्बाइनच्या मागे लागले, आणि ती मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत नेली. आधी बारीक होत जाणारं आणि मग पसरणारं त्यांचं नॉझल, म्हणजे वाफेचा झोत सोडणारं तोंड, आजही रॉकेटच्या बुडाशी असतं. सायीपासून सुरुवात करून माणूस कुठे पोचतो बघा. पण तुम्ही एवढे कष्ट घेऊ नयेत. लाव्हाल यंत्र खरोखर बनवत बसले.

तुम्ही भाषा शिका. पेटंटच्या अर्जात नेमकं काय आपल्या मालकीचं, हे सांगणाऱ्या वाक्याला दावा म्हणतात. दाव्यांच्या भाषेत चमचा नसतो, ‘एका टोकास अंतर्वक्र पृष्ठभाग असलेला लांबट अवयव’ असतो. दावा कितीही लांबला तरी एकाच वाक्यात बसवायचा असतो, त्यामुळे पूर्णविराम शेवटापर्यंत जपून ठेवा. सरावासाठी हा नमुना घ्या:

‘दावा १. एक पद्धत, जीत समाविष्ट आहे: किमान एका पोकळ धारकात जलीय माध्यम घेणे, सदर माध्यमात स्फटिकरूप मधुर घटक सोडणे, आणि लांबट अवयवाच्या साहाय्याने सदर माध्यमास, सदर घटक डोळ्यांस दिसेनासा होईपर्यंत, परिभ्रमण गती देणे.’

साखरपाणी ढवळलंत तुम्ही. लगेच दावा २: ‘दावा १ प्रमाणे पद्धत, जीत लांबट अवयव धातूचा आहे.’ दावा ३: तो धातूचा नाही. ‘समाविष्ट आहे’ हे शब्द सोन्यानं मढवून ठेवा. उद्या कुणी त्यात लिंबू पिळलं तरी तो तुमच्या दाव्यातून सुटत नाही. उलट चुकून ‘फक्त’ लिहिलंत की लिंबूवाला मोकळा. आणि ‘किमान एका’ विसरलात तर दोन भांड्यांत ढवळणारा कोर्टात तुमच्याकडे बघून हसेल.

यावर पेटंट कार्यालयाचा तपासनीस म्हणेल, हे जगाला आधीच माहीत आहे. म्हणू द्या. तुम्ही आकडा घाला: परिभ्रमण मिनिटाला ४० ते १२० फेऱ्या, विशेषेकरून ६० ते १००, अधिक विशेषेकरून ७८ ते ८२. साखरपाणी सगळेच ढवळत आले, पण फेऱ्या मोजून लिहून कुणी ठेवल्या? तपासनीस बिचारा जुनी कागदपत्रं चाळत बसेल. खाद्यघटकांच्या अर्जात तर ही कला शिगेला पोचलेली असते. ‘वजनाने ०.१ ते ९९.९ टक्के’ असं लिहिणाऱ्या माणसाची प्रामाणिक अडचण एवढीच असते की त्याला पाककृती सांगायची नाहीये.

वास्तविक पेटंटचा सौदा उलटा आहे. तुम्ही युक्ती उघड करायची, अशी की त्या विषयातल्या जाणकाराला ती वाचून करता यावी. बदल्यात अर्जापासून २० वर्षं इतरांना ती वापरायला मज्जाव. म्हणून काय उघड करायचं ते हुशारीनं ठरवा. टर्बाइनचं पातं प्रतिस्पर्धी विकत घेईल, करवतीनं कापेल आणि आत काय आहे ते दुपारपर्यंत ओळखेल, तेव्हा त्याचं पेटंट घ्याच. स्टार्च कोणत्या तापमानाला किती वेळ ठेवला, हे मात्र पुडीतल्या पांढऱ्या पावडरीकडे बघून सहसा कळत नाही. ते पोटात ठेवा, आणि पेटंट पुडीच्या तोंडाचं घ्या.

पात्याचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण इथे उपरोधाला नीट जागा मिळत नाही. आधुनिक इंजिनात ज्वलनातून येणारा वायू पात्याचा धातू ज्या तापमानाला वितळतो त्याहून गरम असतो. तरी पातं टिकतं. ते आतून पोकळ असतं, त्यात कॉम्प्रेसरकडून ओढलेली हवा खेळवतात आणि मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक भोकांतून ती पात्याच्या अंगावर पांघरुणासारखी पसरते. या ‘थंड’ हवेचं तापमानही कित्येकशे अंश असतं. भोक सरळ असेल तर हवा फवाऱ्यासारखी उडून जाते नि पांघरूण फाटतं. म्हणून भोकाचं तोंड बाहेरच्या बाजूला पसरट करतात. किती पसरट, किती तिरकं, कडा किती गोल, यावर पेटंटांवर पेटंटं आहेत. जगात भोकाचं पेटंट मागून अब्रू राखणारे हे एवढेच लोक असावेत.

तुम्ही तिकडे फिरकू नका. तिथे प्रयोग करावे लागतात. तुमच्यासाठी सँडविच बरं. १९९९ साली अमेरिकेत कड काढलेल्या, चहूबाजूंनी दाबून बंद केलेल्या सँडविचला रीतसर पेटंट मिळालं आहे. जॅम पावात मुरून पाव गिच्च होऊ नये म्हणून तो शेंगदाण्याच्या लोण्यात कोंडायचा, ही कल्पना. पुढे त्याचाच विस्तार मागणारे अर्ज २००५ मध्ये अपील न्यायालयात फेटाळले गेले आणि मूळ पेटंटचे दावेही यथावकाश रद्द झाले. सारण भरून कडा दाबणं माणसाला फार जुन्या काळापासून येतं, हे लक्षात यायला इतकी वर्षं लागली. ही काही वर्षंच तुमचं भांडवल. तेवढ्यात प्रतिस्पर्ध्यांना वकिलामार्फत पत्रं पाठवून घ्या.

एक पथ्य मात्र पाळा: नूतनीकरणाची फी. फ्रँक व्हिटल या ब्रिटिश इंजिनिअरनं जानेवारी १९३० मध्ये जेट इंजिनच्या पेटंटचा अर्ज केला. ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाला त्यात राम दिसला नाही, म्हणून मंत्रालयानं ते गुप्तही ठेवलं नाही. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरायची वेळ आली. व्हिटल यांच्याकडे ते नव्हते, मंत्रालयानं द्यायला नकार दिला, आणि पेटंट गेलं. १९३९ च्या ऑगस्टमध्ये जेट विमान उडालं ते जर्मनीत. व्हिटल यांच्या इंजिनावरचं विमान उडायला मे १९४१ उजाडला.

आणि भागीदारीत उतरलात तर करार मोठ्यानं वाचा. चार्ल्स पार्सन्स या ब्रिटिश इंजिनिअरनं १८८४ मध्ये वाफेच्या टर्बाइनचं पेटंट घेतलं, १८८९ मध्ये भागीदारांशी फाटलं, आणि ते बाहेर पडले तेव्हा पेटंट मागेच राहिलं. स्वतःचीच टर्बाइन बनवायची बंदी! मग पठ्ठ्यानं वाफ आसाला समांतर न नेता आडवी, केंद्राकडून परिघाकडे अशी फिरवून वेगळीच टर्बाइन केली आणि १८९४ मध्ये जुनी पेटंटं परत मिळेपर्यंत तिच्यावर निभावलं. स्वतःच्या दाव्यातून पळवाट काढायची वेळ आली तर ती आधी माहीत असलेली बरी.

आता आकृत्या. प्रत्येक भागाला आकडा द्या, शक्यतो सम: धारक १०, माध्यम १२, लांबट अवयव १४. मधले विषम आकडे नंतर काही सुचलं तर उपयोगी पडतात. तुमच्या आकृती १ मध्ये १४ उजव्या हातात धरलेला दिसतोय. तो डाव्या हातातही दाखवून आकृती २ आजच काढून घ्या. प्रतिस्पर्धी डावखुरा निघाला तर पंचाईत व्हायची.