पाणी आलं गं

आज सोसायटीच्या ग्रुपवर माझा पोपट झाला. आणि तोही पोपटावरूनच.

सकाळी बी विंगमधल्या एका काकांनी व्हिडिओ टाकला. नवाकोरा पिंजरा, आत हिरवंगार पिल्लू, अजून गळ्याला कंठसुद्धा फुटलेला नाही. नातवाच्या वाढदिवसाला आणलाय म्हणे. खाली बदामांचा पाऊस. मी लिहिलं, काका, हा आपला देशी पोपट आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तो घरात ठेवणं गुन्हा आहे. पाच मिनिटं सगळे चिडीचूप. मग काकांचं उत्तर आलं, "अहो ताई, लेकरासारखा ठेवणार आहोत. त्याला काय कमी आहे?" त्यावर बावीस अंगठे. आणि मागोमाग ॲडमिनचा मेसेज, कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय मांडावेत. (पार्किंगवरून एकमेकांची आई-बहीण काढणं हा सोसायटीचा विषय, बरं का.)

त्याला काय कमी आहे. हे वाक्य मी परकर घालत होते तेव्हापासून ऐकतेय. माझी आजीच म्हणायची.

लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली आणि बाहेर गॅलरीत खिळ्याला टांगलेला आजीचा राघू. पाणी पहाटे साडेचारला यायचं. जिला आधी जाग येईल ती ओरडायची, "पाणी आलं गंऽऽ!" हा शहाणा तेवढं एकच वाक्य शिकला. मग कधी रात्री अडीचला, कधी भर दुपारी, "पाणी आलं गंऽऽ!" बायका हंडे-कळश्या घेऊन धावायच्या, नळ ठणठणीत कोरडा. शिव्या आजीला. आजी पदर तोंडाला लावून हसायची आणि राघूला बक्षीस म्हणून हिरवी मिरची द्यायची. आम्हाला वाटायचं केवढा शूर! पक्ष्यांना मिरचीची जळजळ जाणवतच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मी काही आभाळातून पडलेली नाही. त्या पिंजऱ्याखालचा पत्रा मीही घासलाय.

पण म्हणूनच आज डोकं फिरलं. पिल्लं दुकानात उगवत नाहीत हो. झाडाच्या ढोलीत हात घालून, धड पिसंही आलेली नसताना ओढून काढतात, खोक्यांत कोंबून शहरात आणतात. वाटेत मेली ती फेकली, जगलं ते क्यूट. मग उडू नये म्हणून पंख कातरायचे. आणि वर लेकरासारखा! कुठल्या लेकराचे पाय कापतो आपण?

मागच्या मे महिन्यात भाचीला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. पेंग्विनना रांग ही एवढी. 2016 मध्ये सोलहून आठ आणले, त्यातला एक काही महिन्यांतच गेला. मुंबईच्या उकाड्यात त्यांच्यासाठी अहोरात्र गारठा तयार करायचा, कशासाठी, तर आपल्याला सेल्फी मिळावी. पुढे बिबट्याच्या काचेपाशी एक गृहस्थ बोटातल्या अंगठीने टकटक करत होते, "ए, ऊठ ना!" बिबट्याने कानसुद्धा हलवला नाही. मग बायकोला म्हणाले, "बसल्या जागी मटण मिळतं, याला काय कमी?" मी बोरिवलीत राहते. आमच्याकडे नॅशनल पार्कातला बिबट्या रात्री एखाद्या सीसीटीव्हीत दिसला की हीच माणसं पिंजरा लावा म्हणून बोंब मारतात. म्हणजे तो काचेमागेच हवा.

आता कुणीतरी कमेंटमध्ये गिधाडं आणणार. आणा. बीएनएचएस या निसर्ग-संस्थेने हरियाणात पिंजोरला गिधाडं बंदिस्त ठेवून वाढवली, गुरांना देतात त्या डायक्लोफेनॅक औषधाने देशभरातली मरत होती तेव्हा. मान्य. तो पिंजरा गिधाडांसाठी होता. हा नातवासाठी आहे.

सर्कशीतले वाघ-सिंह, अस्वलं, माकडं 1998 च्या सरकारी आदेशाने बंद झाली, 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो आदेश उचलून धरला. सर्कस मरेल म्हणत होते. मेलीच म्हणा जवळजवळ, तेही खरं. पण रिंगमास्तरचा चाबूक दिसत नाही म्हणून आज कुणाची पोरं रडतायत?

असो. चहा घेऊन आले. जरा शांत झाले.

एक गोष्ट मी घरात कुणालाही सांगितलेली नाही. चौथीत असताना एका दुपारी, आजी झोपलेली असताना, मी पिंजऱ्याचं दार उघडलं. समोरच्या पिंपळावर पोपटांचा थवा कलकलत होता. राघू दारात आला. मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, कठड्यावर उतरला, पंख पसरले. एका पंखाची टोकं सरळ कापलेली, माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीने आखून कापावीत तशी. थोडा वेळ ते पंख तसेच धरून बसला. मग चोचीने गज पकडत पकडत परत वर चढला आणि आत जाऊन डाळीच्या वाटीपाशी बसला.

मी दार लावलं. कडीसुद्धा घातली.

म्हणून सांगते, कुणी पुण्य कमवायला जाऊन पिंजरे उघडू नका, कावळे दहा मिनिटांत फाडतील. वनविभागाचा 1926 नंबर आहे. मी तो काढून ठेवलाय, अजून लावलेला नाही. उद्या आधी काकांकडे जाऊन बसेन. काकू गेल्यापासून त्या घरात टीव्हीशिवाय आवाज नाही, हे मलाही दिसतं. आजीनेही राघू आणला तो आजोबा गेल्यावरच.

पुढे आम्ही चाळ सोडून इकडे आलो. इथे चोवीस तास पाणी. राघूला खिडकीच्या ग्रीलला टांगला. तो साडेचारला ओरडायचाच, "पाणी आलं गंऽऽ!" कुणी उठायचं नाही. बाबा उशी कानावर घ्यायचे. आजी मात्र उठायची, अंधारात चाचपडत मोरीत जायची आणि नळ थोडासा सोडायची. बादलीत धार पडल्याचा आवाज आला की तो गप्प व्हायचा.