‘मणी मोजत बसणारी माणसं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

जपमाळेत, म्हणजे कॅथलिकांच्या रोझरीत, मला आसरा कसा मिळाला यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्यातलं एक वाक्य इथे जसंच्या तसं देते: ‘ज्यांना देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलता येत नाही ती माणसं मणी मोजत बसतात, याला आसरा म्हणत नाहीत, पळ काढणं म्हणतात.’ त्याच्या जोडीला मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ‘प्रार्थनेत व्यर्थ बडबड करू नका’ या अर्थाचं वचन (6:7), मरियेच्या मध्यस्थीवर, म्हणजे येशूच्या आईने आपल्यासाठी देवाकडे विनंती करण्यावर, आक्षेप, जपमाळेच्या इतिहासावर शेरा आणि शेवटी ‘विचार करा, ताई’ असा सल्ला.

मतभेदाचं मला वावडं नाही. रोझरी न म्हणणाऱ्या श्रद्धावंतांशी मी वर्षानुवर्षं बोलत आले आहे, त्यांच्याकडून शिकलेही आहे. पण तुमच्या वाक्यात मतभेद कमी आणि कीव जास्त आहे. समोरच्याला प्रार्थना करताच येत नाही असं आधी ठरवायचं आणि मग त्याला ताई म्हणायचं, ही मला सभ्यता वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य. रोझरी यांत्रिक होऊ शकते. ओठ चालू असतात आणि मन भलतीकडेच असतं. पण हे सांगायला तुमची गरज नव्हती. पोप पॉल सहावे यांनी 1974 सालीच बजावलं होतं की चिंतन नसलेली रोझरी म्हणजे आत्मा नसलेलं शरीर, आणि तसं करताना त्यांनी तुमचंच मत्तय 6:7 समोर ठेवलं होतं. त्यांनी रोझरी सोडा म्हटलं नाही, नीट म्हणा म्हटलं.

आता ‘पळ काढणं’. हा शब्द मला लागला, आणि का लागला तेही सांगते.

स्वतःच्या शब्दांत प्रार्थना मला येत नव्हती असं नाही. चांगली येत होती. प्रार्थनागटात लोक मला मुद्दाम प्रार्थना करायला सांगत. मग आई आजारी पडली, शेवटचीच. त्या काळात मी देवाशी जे बोलत होते ते सगळं माझंच होतं, उत्स्फूर्त होतं आणि आज मागे वळून पाहिलं तर तो निव्वळ सौदा होता. हे दे, मी ते करीन. एवढा महिना जाऊ दे. डॉक्टरांचं चुकलेलं असू दे. मरण हा शब्द माझ्या एकाही प्रार्थनेत नव्हता. तुम्हाला पळ काढणं बघायचं असेल तर ते तिथे होतं, माझ्या स्वतःच्या शब्दांत.

पुढे शब्दच संपले. आईला बोलता येईना, पण बोटं माळेवर फिरत राहिली, म्हणून तिच्यासाठी मी मोठ्याने ‘नमो मारिया’ ही माळेतली मरियेची प्रार्थना म्हणू लागले. त्या प्रार्थनेचा उत्तरार्ध तुम्हाला आठवतो का? ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’. पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या, एका माळेत, सुरुवातीचे तीन मणी धरून, हे शब्द त्रेपन्न वेळा येतात. जे मी तोंडातून काढत नव्हते ते मला आईच्या देखत त्रेपन्न वेळा म्हणावं लागलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्ये, म्हणजे माळ म्हणताना मनात आणायचे येशूच्या यातनांचे प्रसंग: गेथशेमाने बाग, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, क्रूसावरचं मरण. पळणारा माणूस या वाटेने जातो का, हे तुम्हीच सांगा.

आसरा मला तिथे मिळाला. दुःख कमी झालं नाही. पण त्याच्यासमोर एकटं उभं राहावं लागलं नाही, आणि काय बोलावं ते मला सुचायची गरज उरली नाही. ते शब्द आधी कितीतरी लोकांनी मरणाऱ्यांच्या उशाशी म्हटले होते. मी त्यांच्यात जाऊन बसले, इतकंच.

आणि ही सोपी पळवाट आहे असं वाटत असेल तर लिझ्यूच्या संत तेरेझाचं, एकोणिसाव्या शतकातल्या त्या फ्रेंच जोगिणीचं, आत्मकथन उघडा. एकटीने रोझरी म्हणणं आपल्याला प्रायश्चित्ताचं साधन अंगावर बाळगण्यापेक्षा जड जातं, असं तिने लाजत कबूल केलं आहे. तिच्याकडे स्वतःचे शब्द नव्हते असं म्हणायचं धाडस तुम्ही तरी करू नये. चर्चने 1997 मध्ये तिला आचार्यपद, म्हणजे श्रद्धेच्या थोर शिक्षिकेचा मान, दिलं आहे.

मत्तयाच्या वचनाचं म्हणाल, तर त्याच शुभवर्तमानात 26:44 आहे. गेथशेमानेत येशूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली आणि तेच शब्द पुन्हा बोलला. स्तोत्र 136 मध्ये ‘त्याची दया सनातन आहे’ हे सव्वीस ओव्यांत सव्वीस वेळा येतं. स्तोत्रकर्त्यालाही मणी मोजणारा म्हणणार असाल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

इतिहासाचं तुमचं बरोबर आहे. आजची माळ कुणा एकाने एका दिवशी दिलेली नाही, ती शतकानुशतकं घडत आली. येशूच्या सार्वजनिक जीवनावरची प्रकाशाची रहस्ये तर 2002 मधली. पण ‘हे सगळं मध्ययुगातलं खूळ’ हे तुम्ही कुठून आणलंत? ‘तुझ्या आश्रयाला आम्ही येतो, देवमाते’ या अर्थाची ग्रीक प्रार्थना इजिप्तमधल्या एका जुन्या पपायरसावर, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदावर, आहे. तो मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात आहे. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पण तो आजची माळ घडण्याच्या कितीतरी आधीचा आहे यात वाद नाही. संकटात सापडलेली माणसं तेव्हाही ‘आम्ही’ म्हणूनच तिच्याकडे जात होती.

मध्यस्थीवर सविस्तर लिहायचं आहेच. पण तो प्रश्न खरोखर पडलेल्यांसाठी लिहीन, दोन ओळींत निकाल देऊन मोकळं होणाऱ्यांसाठी नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र त्या लेखाखाली एका वाचक भगिनीने आपल्या आजारी नवऱ्याबद्दल लिहिलं आहे, तीही रोज रोझरी म्हणते. तिला उद्देशून तुम्ही हे वाक्य पुन्हा लिहिलंत तर ते राहणार नाही.