सिरम घेण्याआधी बाटली उलटी करून वाचा

साध्या पाण्याने तोंड धुतले तरी चेहरा चुरचुरू लागला, रोजचेच मॉइश्चरायझर लावल्यावर आग होऊ लागली, नाकाच्या बाजूला आणि ओठांच्या कोपऱ्यांत बारीक पापुद्रे सुटू लागले, तर त्वचेचे वरचे संरक्षक आवरण, ज्याला आता सगळेच स्किन बॅरिअर म्हणतात, ते बहुधा दुखावलेले असते. थंडी पडू लागली की नाशिकमध्ये अशा तक्रारी माझ्याकडे हमखास येतात आणि त्यांच्याबरोबर येणारा प्रश्नही ठरलेला असतो : कोणते सिरम घेऊ? मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. त्वचारोगाचे निदान करणे हे माझे काम नाही, ते डॉक्टरांचे आहे. परंतु बाटलीत काय घातलेले असते, ते कशासाठी असते आणि त्यातले दुखावलेल्या चेहऱ्याला काय सोसते, याबद्दल माझे ठाम मत आहे. अशा वेळी सिरम निवडताना त्यात काय काय आहे हे नंतर पाहावे. काय नाही, हे आधी पाहावे.

हे मत समजून घ्यायचे तर त्या आवरणाची रचना थोडी माहीत हवी. त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे स्ट्रेटम कॉर्नियम, चेहऱ्यावर जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका जाड असतो. त्यात चपट्या मृत पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी, जणू चुन्याने, भरलेल्या असतात. या स्निग्ध पदार्थांत वजनाने जवळपास निम्मा वाटा सेरामाइडचा, सुमारे पाव वाटा कोलेस्टेरॉलचा आणि उरलेला मुख्यतः मेदाम्लांचा, म्हणजे फॅटी ॲसिडांचा, असतो. हे मिश्रण धुऊन निघाले की आतले पाणी बाहेर उडू लागते आणि बाहेरचे साबण, धूळ, सुगंधी द्रव्ये आत शिरू लागतात; चुरचुर होते ती यामुळे. दुसरी गोष्ट आम्लतेची. निरोगी त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४.५ ते ५.५ असतो (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) आणि सेरामाइड तयार करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, याच आम्लधर्मी वातावरणात नीट काम करतात. आपल्या नेहमीच्या साबणाच्या वडीचा सामू ९ ते १० असतो. त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा साबणाने तोंड धुणारा माणूस वरून कितीही महाग सिरम लावत असला, तरी त्याची त्वचा दुरुस्तीचे काम सुरूच करू शकत नाही.

नाशिकच्या हवेचाही यात वाटा आहे. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातल्या नीचांकी तापमानाची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते आणि शहरातही पहाटेचा गारठा चांगलाच झोंबतो. गार हवेत मुळातच पाण्याची वाफ कमी मावते. तीच हवा दुपारी तापली की अधिकच कोरडी होते आणि त्वचेतून ओलावा ओढून घेते. सकाळी गंगापूर रोडवरून सातपूर किंवा अंबडच्या कंपन्यांकडे दुचाकीवरून जाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हा वारा सरळ आदळतो. त्यात आंघोळीच्या कढत पाण्यानेच तोंड धुण्याची सवय असेल, तर त्वचेतला उरलासुरला स्निग्धांशही निघून जातो. म्हणून या दिवसांत तोंडासाठी कोमट पाणी आणि गाडीवर स्वच्छ, मऊ सुती स्कार्फ, ही माझी पहिली सूचना असते. सिरमचा विचार त्यानंतरचा.

गेल्या हिवाळ्यात माझी भाची अशीच लालबुंद चेहरा घेऊन आली आणि तिने आपल्या पिशवीतल्या बाटल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या : सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर, व्हिटॅमिन सीचे सिरम, दहा टक्के नायसिनमाइडचे सिरम आणि रात्रीसाठी रेटिनॉल. "मावशी, यातलं एकही वाईट नाहीये गं, मी सगळं वाचून घेतलंय," असे तिचे म्हणणे होते आणि ते खरेही होते. यातला प्रत्येक घटक योग्य त्वचेवर, योग्य प्रमाणात उपयोगी आहे. परंतु ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक ॲसिड वरच्या पेशी सुटवतात, शुद्ध व्हिटॅमिन सी टिकण्यासाठी त्याचे सिरम बरेच आम्लधर्मी ठेवावे लागते, रेटिनॉल सुरुवातीला त्वचा कोरडी करून सोलवते. हे सगळे एकाच चेहऱ्यावर एकाच आठवड्यात लावल्यावर त्वचेला सावरायला उसंतच राहत नाही. त्या ओळीत ती आता एक सहावी, त्वचा शांत करणारी बाटली ठेवू पाहत होती. मी तिला आधी त्या पाचही बाटल्या कपाटात ठेवायला सांगितल्या. माझ्या मते या आजारावरचा अर्धा उपचार एवढाच आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

आता सिरमकडे येऊ. दुकानात पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेले वाचू नये. बाटली किंवा खोके उलटे करून मागची बारीक अक्षरांतली यादी वाचावी, दिसत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचावी. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही सीमा कुठे आहे हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. फिनॉक्सिएथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे वस्तू खराब होऊ न देणारे प्रिझर्व्हेटिव्ह, एक टक्क्यापर्यंतच वापरता येते, त्यामुळे यादीत त्याच्यानंतर जे जे येते ते बहुतेक एक टक्क्याच्या आतले असते. ग्लिसरीन आणि पॅन्थेनॉल हे शांत करणाऱ्या सिरमचे खरे आधार आहेत आणि ते या खुणेच्या आधी दिसायला हवेत. पुढे पॅन्थेनॉलचे नाव ठळक आणि मागे ते यादीच्या शेपटाला, असे असेल तर ती बाटली परत ठेवावी.

पॅन्थेनॉलवर माझा विशेष भरवसा आहे. त्वचेत गेल्यावर त्याचे पँटोथेनिक आम्ल, म्हणजे ब५ जीवनसत्त्व होते, आणि त्यापासून बनणारे कोएन्झाइम ए शरीराला स्निग्ध पदार्थ तयार करण्यासाठी लागते. पाच टक्के पॅन्थेनॉल असलेली मलमे किरकोळ जखमांवर आणि बाळांच्या लंगोटाच्या जागी उठणाऱ्या पुरळावर वर्षानुवर्षे वापरली जातात. फार थोड्यांना ते सोसत नाही आणि ते महागही नाही. नायसिनमाइडही चांगले, ते लावल्याने त्वचेतील सेरामाइड वाढते आणि बाहेर उडणारे पाणी घटते, हे एका जपानी संशोधनात २००० सालीच दिसून आले आहे. मात्र त्यासाठी दोन ते पाच टक्के पुरेसे असते. बाजारात दहा टक्क्यांची चढाओढ लागली आहे, आणि आधीच सोललेल्या चेहऱ्यावर दहा टक्के नायसिनमाइड अनेकांना झोंबते, चेहरा लाल करते. जास्त आकडा म्हणजे जास्त गुण, हा हिशेब इथे चुकतो.

सेंटेला किंवा सिका या नावाने जे विकले जाते ती आपल्याकडे ओलसर जागी जमिनीलगत पसरणारी मंडूकपर्णी. तिच्यातील मॅडेकॅसोसाइड, एशियाटिकोसाइड यांसारखे घटक दाह कमी करतात, याला चांगला आधार आहे. फक्त यादीत काय लिहिले आहे ते पाहावे. नुसता वनस्पतीचा अर्क लिहिला असेल तर तो किती तीव्र आहे हे कळायला मार्ग नसतो. मॅडेकॅसोसाइडसारख्या शुद्ध घटकाचे नाव असेल तर तो अल्प प्रमाणात असूनही मला अधिक विश्वासार्ह वाटतो. ॲलन्टॉइन, ओट्समधील बीटा-ग्लुकन हेही सौम्य घटक आहेत आणि यांपैकी एखादा असला तर उत्तमच.

सेरामाइडबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वाधिक पैसे त्याच्याच नावावर खर्च होतात. सेरामाइड मेणासारखा पदार्थ आहे, तो पाण्यात सहज विरघळत नाही. त्यामुळे पाण्यासारख्या पारदर्शक सिरमवर सेरामाइडचे नाव दिसले, तर ते बहुधा अगदीच नावापुरते असते. दुधाळ, किंचित दाट सिरमवर किंवा सरळ क्रीमवर अधिक भरवसा ठेवावा. शिवाय नव्वदच्या दशकातील प्रयोगांत असे आढळले की आवरण दुखावल्यावर सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांपैकी एकच लावले तर दुरुस्ती उलट रेंगाळते आणि तिन्ही योग्य प्रमाणात एकत्र लावली तर ती वेग घेते. म्हणून यादीत सेरामाइडच्या सोबतीला कोलेस्टेरॉल आणि एखादे मेदाम्ल आहे का, हे अवश्य पाहावे.

नसावे असे काय, ही यादी माझ्या लेखी अधिक महत्त्वाची आहे. सुगंध नसावा. तो नैसर्गिक तेलांचा असला तरी नसावा, कारण लॅव्हेंडर, संत्रे, लिंबू यांच्या तेलांतील लिनालूल आणि लिमोनीन हवा लागून ॲलर्जी आणणारे पदार्थ बनतात. अनसेंटेड असे लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. फ्रॅग्रन्स फ्री लिहिलेले बघून घ्यावे आणि तरीही मागची यादी तपासावी. यादीच्या वरच्या टोकाला डिनेचर्ड अल्कोहोल, म्हणजे झटकन उडून जाणारे, त्वचा कोरडी करणारे अल्कोहोल, नसावे. सिटाइल किंवा स्टिअरिल अल्कोहोल मात्र मऊ मेणासारखे असते, त्याची धास्ती नको. सोलवणारे कोणतेही ॲसिड नसावे. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक नसावे. ॲलर्जीच्या तक्रारींमुळे युरोपात २०१७ पासून चेहऱ्यावर तसेच राहू द्यायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी आहे. याउलट पॅराबेन या परिरक्षकांची जी भीती पसरली आहे ती ॲलर्जीपुरती तरी अनाठायी आहे, आणि परिरक्षकच नसलेले घरगुती सिरम दुखावलेल्या त्वचेवर लावणे मला कितीतरी अधिक धोक्याचे वाटते.

घरगुती म्हटले की कुंडीतली कोरफड आलीच. तिचा पारदर्शक गर सौम्य असतो, पण पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक येतो तो त्वचेला खाज आणतो, आणि चेहरा सोललेला असताना हा प्रयोग टाळलेलाच बरा. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो; तो बेसनात मिसळला म्हणून सौम्य होत नाही. दिवाळीचे उटणे अंगाला अवश्य लावावे, चेहरा बरा होईपर्यंत चेहऱ्याला चोळू नये. ऑलिव्ह तेलाने निरोगी त्वचेचेही आवरण कमकुवत झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे, तेव्हा ते स्वयंपाकघरातच राहू द्यावे.

एक गोष्ट नाशिकच्या थंडीसाठी मुद्दाम सांगते. हायलुरॉनिक ॲसिड किंवा ग्लिसरीनचे सिरम पाणी धरून ठेवते, ते उडू नये याची तजवीज करत नाही. त्यामुळे चेहरा किंचित ओला असतानाच सिरमचे दोन-तीन थेंब लावावेत आणि ते वाळायच्या आत वरून साधे, दाट मॉइश्चरायझर लावावे. फार पापुद्रे असतील तिथे रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. पाणी रोखण्यात तिची बरोबरी करणारे दुसरे काही सहसा सापडत नाही. पैसे मोजकेच असतील तर सिरम सोडून द्यावे आणि चांगले मॉइश्चरायझर घ्यावे, असे मी विद्यार्थिनींना स्पष्टपणे सांगते. दिवसा सनस्क्रीन लागेलच. झिंक ऑक्साइड असलेले सहसा कमी झोंबते.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. अनेक घरांत चेहरा उजळवण्यासाठी म्हणून मेडिकलमधून आणलेली एखादी ट्यूब असते, शेजारणीने सुचवलेली, कधी लग्न ठरल्यावर घाईने आणलेली. तिच्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असे नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. सुरुवातीला त्याने चेहरा झपाट्याने उजळ आणि गुळगुळीत दिसतो. महिनोन्महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे येतात, उन्हात चेहरा भाजल्यासारखा होतो आणि क्रीम बंद करताच सगळे दुपटीने उफाळते, म्हणून माणूस ते पुन्हा लावतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञ हा प्रश्न अनेक वर्षे मांडत आले, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या चौदा स्टिरॉइडांचा समावेश अनुसूची एच या औषधांच्या यादीत करून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांच्या विक्रीला मनाई केली. तरीही ही क्रीम मागितल्यावर सहज मिळतात, याची मला मनापासून चीड येते. मुली दुकानात येऊन आपला चेहरा दाखवतात आणि त्यांच्या हातात उजळपणाच्या नावाखाली हे औषध ठेवले जाते. अशा चेहऱ्यावर कोणतेही सिरम पुरे पडणार नाही. ती ट्यूब स्वतःच्या मनाने एकाएकी बंदही करू नये. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि किती दिवस लावली ते संकोच न करता सांगावे.

बाकीच्यांनी नवे सिरम आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला काही दिवस लावून पाहावे आणि मगच पूर्ण चेहऱ्यावर घ्यावे. पहिल्या क्षणी किंचित चुरचुरणे दुखावलेल्या त्वचेवर होऊ शकते; ते मिनिटभरात शमले नाही तर चेहरा धुऊन टाकावा आणि ते सिरम बाजूला ठेवावे. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे अधिक, त्यामुळे आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून बाटली बदलू नये. या काळात फेशियल, ब्लीच, स्क्रब काही करू नये, पुढच्या आठवड्यात घरात कार्य असले तरीही. चुरचुर पूर्ण थांबून पंधरा दिवस गेले की जुन्या बाटल्यांपैकी एकच, आठवड्यातून एकदा, सुरू करावी. महिनाभर इतके सांभाळूनही लाली आणि आग तशीच राहिली, किंवा पाणी सुटणे, पू होणे, डोळ्यांभोवती सूज असे काही दिसले, तर तो एक्झिमा, रोझेशिया (चेहरा सतत लाल राहण्याचा विकार) किंवा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याचा निर्णय डॉक्टरांनी चेहरा प्रत्यक्ष पाहूनच करायचा असतो. मला फोटो पाठवून विचारले, तरी मी हेच उत्तर देईन.