जम्मू-श्रीनगर मार्गावरील जेवणाबाबतच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या काश्मीर सहलीविषयीचा आपला अभिप्राय वाचला. श्रीनगरला जाताना आम्ही आपल्याला रस्त्याकडेच्या पत्र्याच्या छपराखाली बसवले, पोळी-भाजी न देता नुसता राजमा-भात वाढला आणि हॉटेलचा खर्च वाचवला, असा आपला मुख्य आक्षेप आहे.

आपण जेवलात तो, वाटेवरच्या पीराह गावचा थांबा ऐनवेळी ठरलेला नव्हता. बेळगावच्या कार्यालयात बुकिंग करताना दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत तो नावानिशी छापलेला आहे. २०१७ साली चेनानी-नाशरी बोगदा सुरू झाल्यापासून पटनीटॉपचा घाट टळतो आणि सुमारे नऊ किलोमीटरचा तो बोगदा ओलांडला की थोड्याच वेळात पीराह येते. पुढे रामबनच्या पट्ट्यात दरड कोसळली, तर गाड्या तासन्‌तास जागच्या हलत नाहीत. तिथे वयस्कर मंडळींना उपाशी अडकवून ठेवण्यापेक्षा आधीच जेवून घेतलेले बरे.

शिवाय हे ठिकाण राजमा-चावलासाठीच प्रसिद्ध आहे. डोंगरातला हा राजमा आपल्या बाजारातल्यापेक्षा बारीक असतो. शेजारच्या भदरवाहच्या राजम्याला तर २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ‘न विचारता तूप ओतले’ असे आपण लिहिले आहे. तिथली रीतच तशी आहे: वाफाळत्या भातावर राजमा पडतो आणि त्यावर गरम साजूक तुपाची पळी रिकामी होते. तो जडपणा उतरतो अनारदाण्याच्या आंबट चटणीने, आणि नेमकी ती आपल्या ताटात तशीच राहिली होती, असे आमचे सहल व्यवस्थापक सांगतात. (भाकरी किंवा पोळी नसली की खानापूर-निपाणीकडच्या आपल्या माणसांना जेवल्यासारखे वाटत नाही, हे मी याच भागातला असल्याने जाणतो, पण काश्मीरच्या वाटेवर भाकरीचा आग्रह मला पटत नाही.)

हे जेवण हॉटेलपेक्षा स्वस्त पडते, हे खरे आहे. मात्र सहलीच्या दरात त्या दुपारसाठी हॉटेलचा खर्च धरलेलाच नसल्याने पैसे परत करण्याची आपली मागणी मान्य करता येत नाही.

आपल्या मातोश्रींना गुडघेदुखीमुळे बाकावर बसणे जड गेले, ही तक्रार मात्र निराळी आहे. पुढील तुकडीपासून ज्येष्ठांसाठी पाठ टेकता येईल अशा घडीच्या खुर्च्या गाडीत ठेवण्यास व्यवस्थापकांना सांगितले आहे.

आपला,
सहल कंपनीचा मालक, बेळगाव